सावरलेल्याची साक्ष

शोकान्त तेवढा सखोल, आणि सावरलेल्या माणसाचे कथन म्हणजे बोधकथा, ही समजूत मराठी समीक्षाव्यवहारात न तपासताच वावरत आली आहे. लेखकाने आत्महत्या केली की त्याच्या साऱ्या लेखनावर मागाहून सच्चेपणाची मोहोर उमटवली जाते. जो त्या टोकावरून परतला त्याचे आत्मकथन मात्र ‘प्रेरणादायी’ म्हणून वाङ्मयाबाहेर ठेवले जाते. मृत्यूलाच प्रामाण्य देणारी ही भूमिका सिद्धान्त म्हणून कच्ची आणि व्यवहारात घातक आहे.

गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचे अनुकरण होईल या भीतीने लाइपझिगमध्ये तिच्यावर बंदी आली. १७७५ च्या आवृत्तीत खुद्द गटेने वाचकाला नायकामागून न जाण्याचे बजावले. वृत्तपत्रांनी ठळकपणे छापलेल्या आत्महत्यांनंतर आत्महत्या वाढतात, असे १९७४ मध्ये दाखवणाऱ्या डेव्हिड फिलिप्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने त्या परिणामाला वेर्थरचेच नाव दिले. वेर्थरचा निर्माता मात्र १८३२ पर्यंत, वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत जगला. म्हणून त्या कादंबरीतील हताशा खोटी ठरते काय?

दुसरी बाजू २०१० मध्ये पुढे आली. ऑस्ट्रियातील वृत्तपत्रांच्या अभ्यासात थोमास नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की आत्महत्येचा विचार मनात येऊनही ज्यांनी बिकट परिस्थितीतून वेगळी वाट काढली, त्यांच्या हकिकती छापून आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण घटले होते. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण कथनाचा घाट वाचकाच्या जगण्याशी निगडित असू शकतो, हे त्यातून सूचित होते. या परिणामाला पापागेनोचे नाव मिळाले. मोझार्टच्या १७९१ च्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेतील हा पारधी प्रेयसी दुरावल्याने जीव द्यायला निघतो. तीन मुले त्याला थांबवतात आणि त्याच्याच जवळच्या घंटांची आठवण करून देतात.

सावरण्याची कथने साचेबद्ध असतात, हा आक्षेप अंशतः खरा आहे. ‘मी जिंकलो’ असा जयघोष करणाऱ्या कथनांतून दीर्घकाळची औषधे, पुन्हा पुन्हा येणारे खचलेपण, घरच्यांचा थकवा गाळला जातो. परंतु साचा हा चिकित्सेचा विषय आहे. तो बहिष्काराचे कारण होऊ शकत नाही. ‘बलुतं’ (१९७८) आणि नंतरच्या दलित आत्मकथनांनाही ‘हे साहित्य की सामाजिक दस्तऐवज?’ असे विचारले गेले होते. अखेर निकष बदलावे लागले ते समीक्षेला.

इथेही तेच करावे लागेल. शोकान्ताला शेवट आयता मिळतो. सावरणाऱ्याला तो हाती नसताना लिहावे लागते. ही रचनेची अडचण कलात्मक दृष्ट्या दुय्यम नाही. आणि समीक्षेच्या वाचकांतही कोणी त्या टोकाशी उभा असू शकतो. मरण हाच सच्चेपणाचा पुरावा, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणत्याही सौंदर्यशास्त्राला नाही.