हातचा एक

२०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात एक दुर्मीळ गोष्ट घडली. दुसरीच्या गणितावर साऱ्या राज्यात चर्चा झाली आणि तिचे पडसाद थेट विधानसभेत उमटले. बालभारतीच्या नव्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’, ‘बावीस’ या परंपरागत नावांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असेही संख्यावाचन देण्यात आले होते. मराठीवर घाला आल्याची हाकाटी झाली, विनोदांना ऊत आला. गणित विषयाच्या समितीचे नेतृत्व डॉ. मंगला नारळीकर यांच्याकडे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या आणि ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या या विदुषीने खुलासा केला की, जुनी नावे रद्द झालेली नाहीत. दोन्ही रीती शिक्षकाच्या हाती दिल्या आहेत. ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. जुलै २०२३ मध्ये नारळीकर यांचे निधन झाले. वाद त्याआधीच विरला होता. ज्या मुलांच्या निमित्ताने तो झाला, त्यांची अडचण मात्र तशीच राहिली.

ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘पंचवीस’ लिहायला सांगितले, तर ते पुष्कळदा ५२ लिहिते. यात त्याचा निष्काळजीपणा नसतो. ऐकलेल्या क्रमाने ते लिहिते : आधी पाच, मग वीस. कन्नड, तेलुगू, तमिळ या भगिनीभाषांत दशक आधी उच्चारला जातो आणि आधीच लिहिला जातो. मराठीत तसे नाही. ‘एकोणतीस’ हा शब्द तर वजाबाकीच पोटात घेऊन येतो : तिसात एक उणा. म्हणून आपल्या भाषेत खोट आहे, असे मुळीच नव्हे. जर्मन माणूसही ‘पाच आणि वीस’ असेच म्हणतो आणि त्यामुळे जर्मनीत गणितज्ञांचा दुष्काळ पडलेला नाही. खरे तर मराठीतले प्रत्येक संख्यानाम ही एक छोटी बेरीज किंवा वजाबाकी आहे. मुलाला ती उलगडून दाखवली, तर तेच नाव ओझे न राहता आधार होते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती उलगडून दाखवण्याचे कष्टही घेतले पाहिजेत.

त्याआधीची पायरी आहे लहान संख्यांच्या बेरजेची, आणि सर्वाधिक घाई नेमकी तिथेच होते. तीन चिंचोके आणि दोन चिंचोके समोर ठेवले, की मूल प्रथम सगळे मोजते : एक, दोन, तीन, चार, पाच. काही काळाने ते तिनाच्या पुढे मोजू लागते : चार, पाच. पुढे त्याला उमगते की, दोनात सात मिळवण्यापेक्षा सातात दोन मिळवणे सोपे. त्यानंतर येतो दहा पुरे करण्याचा टप्पा. आठ आणि पाच यांची बेरीज करताना पाचातले दोन आठाला दिले की दहा होतात. उरलेले तीन मिळून तेरा. नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच या दहाच्या जोड्या ज्याच्या अंगवळणी पडल्या, त्याला पुढचे अंकगणित परके वाटत नाही.

ज्याच्या त्या पडल्या नाहीत, ते मूल ‘हातचा एक’ या शब्दांपाशी अडखळते. सत्तावीस आणि पंधरा मिळवताना सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. हा मंत्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटला गेला. पण हा हातचा एक हा एक नसून दहाचा गठ्ठा असतो, हे किती मुलांना सांगितले जाते? ते ठाऊक नसलेले मूल उत्तर बरोबर काढील, परंतु गणित म्हणजे कोणी तरी ठरवून दिलेले, न कळणारे नियम अशी त्याची समजूत होईल. पुढे दहावीपर्यंत पाठलाग करणारी गणिताची भीती अशा ठिकाणी जन्म घेते.

हे सारे मुंबईला नवे नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले. माँटेसरी पद्धतीचे मर्म त्यांनी ओळखले होते : संख्या आधी मुलाच्या हाताला कळावी, मग डोळ्याला, आणि अखेरीस पाटीवर यावी. त्या पद्धतीची परदेशी साधने सामान्य घराला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम उभे केले, त्यात शिंपले, बिया, खडे यांनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा मिळाली. बाहेरचे चांगले ते पारखून घ्यायचे आणि आपल्या मातीत रुजवायचे, याचे याहून सुंदर उदाहरण शोधावे लागेल.

आज त्याच दादर-गिरगाव परिसरात काय दिसते? पाच वर्षांच्या मुलाच्या दप्तरात बेरजांनी भरलेली वही असते, संध्याकाळी वेगाने आकडेमोड करण्याचा शिकवणीवर्ग असतो आणि बोटे वापरली की दटावणी ठरलेली असते. वास्तविक बोटे हे निसर्गाने दिलेले पहिले गणिती साधन. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत जप मोजणाऱ्या आजीला कोणी अडाणी म्हणत नाही. मग नातवानेच बोटे का लपवावीत? दहाच्या जोड्या पक्क्या झाल्या, की त्याची बोटे आपोआप थांबतात. ती धाकाने थांबवली, तर मूल टेबलाखाली मोजू लागते.

दुसरा प्रश्न माध्यमाचा आहे. लालबाग-परळच्या गिरणगावात आणि गिरगावच्या चाळींत ज्या मराठी शाळांनी पिढ्या घडवल्या, त्यांतील अनेकांचे वर्ग ओस पडत आहेत. घरात ‘सत्तावीस’ आणि शाळेत ‘ट्वेंटी सेव्हन’ अशा दोन मोजण्यांच्या मध्ये मूल उभे असते. भाजीवाल्याने ‘अडतीस रुपये’ म्हटले की ते आईकडे पाहते. इंग्रजी यावीच; पण ज्या भाषेत मूल रुसते आणि हट्ट करते, त्या भाषेत त्याला अडतीसचा अर्थ कळू नये, ही कुटुंबाने ओढवून घेतलेली हानी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला, त्यामागे हेच शहाणपण आहे.

सरकारी पातळीवर प्रश्नाची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने प्राथमिक वर्गांतील प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. तरीही ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार तिसरीतील केवळ ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी वजाबाकी करता आली. ही आकडेवारी खेड्यांची आहे, म्हणून मुंबईकराने निश्चिंत राहण्याचे कारण नाही. हातच्याचे कोडे चाळीतल्या मुलालाही पडते.

उपाय खर्चीक नाहीत. परळहून धीम्या गाडीने निघाले, की करी रोड, चिंचपोकळी, भायखळा ही तीन स्थानके. पुढे सँडहर्स्ट रोड, मशीद आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही आणखी तीन. तीन आणि तीन सहा, हे मूल खिडकीपाशी बसल्या बसल्या शिकते. सापशिडीच्या दोन फाशांत बारापर्यंतच्या बेरजा आहेत. लालबागच्या बाजारातून आणलेल्या लिंबांत आहेत, दादरच्या फुलबाजारातल्या झेंडूत आहेत. गणेशोत्सवात घरोघरी एकवीस दूर्वांची जुडी होते. ती मुलाच्या हातून करवून घ्यावी : दहा, आणखी दहा आणि वर एक. त्याच्या हातात ‘वीस आणि एक’ असेल आणि ओठांवर ‘एकवीस’. २०१९ चा सगळा वाद त्या एका जुडीत मिटतो.

वस्तीवस्तीत चालणाऱ्या संस्कारवर्गांनी आणि अभ्यासिकांनी हे काम अंगावर घेतले पाहिजे. श्लोकपाठांतरानंतरची दहा मिनिटे चिंचोक्यांना द्यावीत. उजळणी, पाढे, पावकी-निमकी यांचे मोल मोठेच आहे, पण पाठांतराने समजुतीच्या मागून यावे. आजी-आजोबांनी नातवंडांशी मराठीत मोजावे. आईवडिलांनी ‘किती झाले?’ याच्या जोडीने ‘कसे मोजलेस?’ हेही विचारावे, आणि उत्तर चुकले तर ते मूल कोणत्या पायरीवर उभे आहे, ते शांतपणे पाहावे.

शून्यासह दहा अंकांनी कोणतीही संख्या मांडण्याची रीत भारताने जगाला दिली, हा अभिमान सर्वांच्या बोलण्यात असतो. त्या रीतीचे सारे मर्म हातच्याच्या एकात सामावले आहे. ते घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच बोटांवर समजावून देणे, एवढे ऋण तरी प्रत्येक घराने फेडावे.