युरोपचा पैसा आला, गेला, डंडॉक उरले

सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडमधील डंडॉक या गावचा फुटबॉल क्लब अवसायनात निघण्याच्या बेतात होता. तिजोरी रिकामी होती, नवा गुंतवणूकदार पुढे येत नव्हता आणि हंगामाचे उरलेले सामने तरी खेळता येतील की नाही, याचीच शंका होती. याच क्लबने चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०२० मध्ये, युरोपा लीगच्या गटसाखळीत लंडनला जाऊन आर्सेनलशी सामना खेळला होता. त्याच्याही चार वर्षे आधी तो चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीपासून अवघे दोन सामने दूर होता. जेमतेम ४३ हजार वस्तीच्या गावाचा संघ एवढ्या उंचीवर जातो आणि एवढ्या थोड्या काळात खाली कोसळतो, तेव्हा त्याचे खापर साहजिकच शेवटच्या मालकावर फोडले जाते. डंडॉकमध्येही तसेच झाले. परंतु क्लबचा सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला, तर दुखणे जुने असल्याचे दिसते. हा क्लब गावाचा म्हणून ओळखला जातो. पण त्याचा खर्च बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून चालत आला आहे.

पहिला खिसा रेल्वे कंपनीचा होता. डब्लिन आणि बेलफास्ट यांच्या साधारण मध्यावर वसलेल्या डंडॉकमध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा मोठा कारखाना होता. तेथील कामगारांनी १९०३ मध्ये संघ काढला आणि त्याला कंपनीचेच नाव दिले. पुढे आयर्लंडची फाळणी झाली. डंडॉकच्या उत्तरेला काही किलोमीटरवर आंतरराष्ट्रीय सीमा आली आणि दोन शहरांना जोडणारी रेल्वे दोन देशांत विभागली गेली. डंडॉक दक्षिणेकडे राहिले. १९२६ मध्ये संघाला आयर्लंडच्या राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला. १९३० मध्ये रेल्वेचे नाव जाऊन गावाचे नाव लागले आणि १९३२-३३ च्या हंगामात डंडॉकने विजेतेपद पटकावले. डब्लिनबाहेरच्या संघाने लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. राजधानीबाहेर फुटबॉल नाही, ही डब्लिनकरांची समजूत तेव्हा मोडली. १९३६ मध्ये क्लब ओरिएल पार्क या मैदानावर आला आणि आजही तो तेथेच आहे. रेल्वे मंडळ मात्र १९५८ मध्ये विसर्जित झाले. संघ ज्या कंपनीतून जन्मला, ती संपली, संघ टिकला.

ज्या गावात कारखाने होते, पादत्राणांचा आणि सिगारेटचा व्यवसाय होता, बिअरची भट्टी होती, तेथे शनिवार-रविवारी मैदानावर जाण्याची सवयही होती. त्या सवयीच्या बळावर १९६० च्या दशकात क्लबने पुन्हा डोके वर काढले. १९६३ मध्ये युरोपियन चषकाच्या सामन्यात झुरिकला त्याच्या घरच्या मैदानावर २-१ असे हरवून, परदेशी भूमीवर युरोपीय स्पर्धेतील सामना जिंकणारा पहिला आयरिश संघ होण्याचा मान डंडॉकने मिळवला. अर्थात घरचा सामना ०-३ असा गमावलेला असल्याने पुढची फेरी हुकलीच. १९६९ मध्ये लिव्हरपूलने याच संघावर दहा गोल चढवले, तेही सांगितले पाहिजे. छोट्या क्लबांच्या इतिहासात असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी नांदतात.

खरा सुवर्णकाळ आला तो जिम मॅक्लॉक्लिन यांच्यामुळे. डेरी शहरातला हा माणूस १९७४ मध्ये खेळाडू-व्यवस्थापक म्हणून आला आणि १९८३ मध्ये गेला, तोवर तीन लीग विजेतेपदे आणि तीन एफएआय चषक ओरिएल पार्कमध्ये आले होते. हा काळ उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराचा होता. सीमेलगतचे गाव म्हणून डंडॉकला त्याची झळ सतत बसत होती. डिसेंबर १९७५ मध्ये गावातल्या एका मद्यगृहाबाहेर झालेल्या बॉम्बस्फोटात दोघांचा बळी गेला. गावाचे नाव बातम्यांत येई ते याच कारणाने.

ऑगस्ट १९७९ मध्ये युरोपियन चषकाच्या प्राथमिक फेरीत डंडॉकची गाठ बेलफास्टच्या लिनफिल्डशी पडली. एक संघ दक्षिणेचा, कॅथलिक गावाचा. दुसरा ब्रिटनशी निष्ठा सांगणाऱ्या प्रोटेस्टंट समाजाचा लाडका. सामन्याच्या दोनच दिवस आधी, २७ ऑगस्टला, भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांची स्लायगो परगण्याच्या किनाऱ्यावर आयरिश रिपब्लिकन आर्मीने बोटीत बॉम्ब ठेवून हत्या केली होती. त्याच दिवशी डंडॉकपासून जवळच, सीमेपलीकडे वॉरनपॉइंटजवळ अठरा ब्रिटिश सैनिक मारले गेले होते. अशा वातावरणात हा सामना होऊ दिला, हेच आज आश्चर्याचे वाटते. ओरिएल पार्कवर दंगल उसळली, अनेक जण जखमी झाले आणि सामना १-१ असा सुटला. परतीचा सामना बेलफास्टमध्ये घेणे अशक्य ठरल्याने तो हॉलंडमधील हार्लेम येथे हलविण्यात आला. तेथे डंडॉकने २-० अशी बाजी मारली.

पुढे माल्टाच्या हिबर्नियन्सला मागे टाकून संघ ग्लासगोत सेल्टिकसमोर उभा राहिला. तेथे ३-२ असा निसटता पराभव झाला. त्या काळच्या नियमानुसार परक्या मैदानावरच्या गोलांना अधिक मोल असल्याने ओरिएल पार्कवर फक्त एक गोल पुरेसा होता. तो झाला असता, तर उपांत्यपूर्व फेरीत रेआल माद्रिद डंडॉकला आले असते. सामना ०-० असा संपला आणि रेआल माद्रिद सेल्टिककडे गेले. दोन वर्षांनी टॉटनहॅम हॉटस्परलाही डंडॉकने घरी १-१ असे रोखले. गावातल्या जुन्या पिढीला हे सामने पाठ आहेत.

त्यानंतरची घसरण केवळ डंडॉकची नव्हती. गावातले जुने उद्योग आटत गेले. त्याच काळात इंग्लंडच्या लीगचे सामने घराघरात दिसू लागले आणि आयरिश प्रेक्षकाने आपल्या गल्लीतल्या संघाऐवजी मँचेस्टर नि लिव्हरपूल आपलेसे केले. शनिवारी विमानाने किंवा बोटीने इंग्लंडला सामना पाहायला जाणारे आयरिश हजारोंनी आहेत. शुक्रवारी रात्री पाच मिनिटे चालून आपल्या गावच्या मैदानावर जाणे मात्र त्यांना जड वाटते. शिवाय गेलिक फुटबॉलची परगण्यागणिक असलेली निष्ठा वेगळीच. चांगला खेळाडू तयार झाला, तर तो किरकोळ रकमेत समुद्रापार जाई. आयर्लंडसाठी शंभराहून अधिक सामने खेळलेला स्टीव्ह स्टॉन्टन १९८६ मध्ये डंडॉकहून लिव्हरपूलला गेला, तो अवघ्या २० हजार पौंडांत. १९८८, १९९१ आणि १९९५ मध्ये लीग विजेतेपदे मिळूनही आर्थिक पाया भुसभुशीतच राहिला. १९९९ मध्ये संघ खालच्या विभागात घसरला. २००२ मध्ये तर त्याने एफएआय चषक जिंकला आणि त्याच हंगामात पुन्हा पदावनतीही ओढवून घेतली. २०१२ मध्ये लीगमध्ये तळाला राहून, मालकाने हात आखडता घेतल्यावर, स्थानिक व्यावसायिक आणि समर्थकांच्या संघटनेने क्लब कसाबसा वाचवला.

या पडझडीतच स्टीफन केनी आले. शॅमरॉक रोव्हर्सने काही महिन्यांपूर्वीच त्यांना काढून टाकले होते. म्हणजे दोन्ही बाजूंना गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. इतर क्लबांनी नाकारलेले खेळाडू, एका वर्षाचे करार आणि चेंडू जमिनीवर ठेवून खेळण्याचा आग्रह, एवढ्या भांडवलावर केनींनी २०१४, २०१५, २०१६ आणि २०१८ अशी चार लीग विजेतेपदे मिळवून दिली. २०१६ च्या उन्हाळ्यात बेलारूसच्या बाटे बोरिसोव्हला ३-० असे नमवून डंडॉक चॅम्पियन्स लीगच्या अखेरच्या पात्रता फेरीत पोहोचला. तेथे लेगिया वॉर्साने वाट अडवली, पण युरोपा लीगची गटसाखळी मिळाली. अल्कमारमध्ये १-१ अशी बरोबरी आणि मग मकाबी तेल अविववर १-० असा विजय. युरोपीय गटसाखळीत गुण आणि विजय मिळवणारा हा पहिला आयरिश क्लब. दोन्ही सामन्यांतील गोल किअरन किल्डफ या बदली आघाडीपटूचे होते. हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मकाबीविरुद्धचा तो 'घरचा' सामना डंडॉकमध्ये मात्र झाला नाही. ओरिएल पार्क युरोपीय निकषांत बसत नव्हते, म्हणून तो डब्लिनजवळच्या टॅला येथे, स्थानिक प्रशासनाच्या मालकीच्या स्टेडियमवर खेळवावा लागला. त्या एका मोहिमेतून क्लबला साठ लाख युरोंहून अधिक रक्कम मिळाली. तुलनेसाठी, त्या वर्षी देशाची लीग जिंकण्याचे बक्षीस होते १ लाख १० हजार युरो. आयर्लंडच्या फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन डेलनी यांचे वार्षिक वेतन ३ लाख ६० हजार युरो होते. देशाच्या सर्वोत्तम संघाचे बक्षीस अधिकाऱ्याच्या पगाराच्या एक तृतीयांशाहूनही कमी, ही तेथील फुटबॉलची अवस्था होती. त्याच महासंघाचा कारभार २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि कोट्यवधी युरोंची देणी उघड झाली.

या विषमतेमुळेच डंडॉकचे पुढचे सारे घडले. देशांतर्गत लीगमधून पोट भरत नाही. युरोपात एक पावसाळी सर आली, तर वर्षानुवर्षांची बेगमी होते. असा क्लब बाहेरच्या गुंतवणूकदाराला स्वस्तातली संधी वाटणारच. जानेवारी २०१८ मध्ये शिकागोच्या पीक सिक्स या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने क्लबची मालकी अमेरिकेत गेली. इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबमध्येही या संस्थेने आधी हिस्सा घेतला होता. सुरुवातीला हिशेब जुळला. केनी राष्ट्रीय २१ वर्षांखालील संघाकडे गेल्यानंतरही २०१९ मध्ये विनी पर्थ यांच्या मार्गदर्शनाखाली विजेतेपद मिळाले. २०२० मध्ये युरोपात पहिलाच सामना गमावताच पर्थ यांना काढले गेले आणि वरिष्ठ संघाचा फारसा अनुभव नसलेले इटालियन प्रशिक्षक फिलिपो जोव्हान्योली आले. त्यांनी गटसाखळी गाठली आणि एफएआय चषकही जिंकला, हे मान्य करावेच लागेल. गटसाखळीतले सहाही सामने मात्र संघ हरला आणि करोनामुळे स्टेडियमेही रिकामी होती. पुढच्या वर्षी व्यवस्थापनात माणसे येत-जात राहिली, संघ सहाव्या स्थानावर घसरला आणि २०२१ च्या अखेरीस अमेरिकन मालकांनी क्लब स्थानिक गटाच्या स्वाधीन केला.

सर्वांत बोलका मुद्दा असा, की दोनदा युरोपची गटसाखळी खेळूनही ओरिएल पार्क युरोपच्या गटसाखळीला चालेल असे झाले नाही. खेळाडूंचे करार संपले आणि रिची टॉवेल, डॅरिल होर्गन, अँडी बॉइल यांच्यासारखे चांगले खेळाडू इंग्लंडला गेले तेव्हा क्लबच्या हाती फारसे काही पडले नाही. पैसा आला तो वेतनात आणि पुढच्या मोहिमेच्या आशेत गेला. आशा फळली नाही, की वाढलेले वेतन तेवढे मागे उरते.

पश्चिम किनाऱ्यावरचा स्लायगो रोव्हर्स डंडॉकहून लहान गावचा आहे आणि कोणा एका धनिकाच्या नव्हे, तर लोकांच्या हाती आहे. त्याने गटसाखळी कधी पाहिली नाही. २००९ मध्ये त्याने शेमस कोलमनला ६० हजार पौंडांत एव्हर्टनला विकले. हा व्यवहार पुढे इंग्लिश फुटबॉलमधला सर्वांत स्वस्त सौदा म्हणून गाजला. तरीही २०१२ मध्ये या क्लबने लीग जिंकली, आणि २००६ मध्ये प्रीमियर विभागात परतल्यापासून २०२५ पर्यंत तो एकदाही खाली घसरला नाही. लोकांची मालकी म्हणजे रामबाण उपाय नव्हे. कॉर्क सिटी समर्थकांच्या हाती असतानाच २०२० मध्ये पदावनत झाला. पण वर्षअखेरीस किती तिकिटे खपली, एवढाच ज्याचा भरवसा, तो निदान पदरात नसलेला पैसा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करतो.

डंडॉकची मालकी २०२३ च्या अखेरीस पुन्हा बदलली. २०२४ मध्ये एकाच हंगामात तीन व्यवस्थापक झाले. सप्टेंबरमध्ये गावातलेच बॅरिस्टर जॉन टेम्पल यांनी क्लब हाती घेतल्याने अवसायन टळले; पदावनती टळली नाही. संघ तळाला राहिला. त्यानंतर व्यवस्थापक म्हणून आला तो अल्कमार आणि मकाबीविरुद्ध गोल करणारा किल्डफ. तोवर त्याने अॅथलोन टाउनच्या महिला संघाला लीग जिंकून दिली होती. २०२५ मध्ये डंडॉकने प्रथम विभागाचे विजेतेपद मिळवले आणि २०२६ च्या हंगामासाठी प्रीमियर विभागातले स्थान परत मिळवले. त्याच वर्षी लाउथ परगण्याच्या गेलिक फुटबॉल संघाने १९५७ नंतर प्रथमच लीन्स्टरचे विजेतेपद जिंकले, त्यामुळे गावात जल्लोष दुहेरी होता.

खालच्या विभागातल्या त्या वर्षी युरोपचा एक पैसाही मिळणार नव्हता. जे काही होते ते प्रवेशद्वारावरची तिकिटे, स्थानिक दुकानदारांच्या जाहिराती आणि स्वयंसेवकांचे हात. प्रीमियर विभागात परतल्यावर युरोपच्या जागा पुन्हा नजरेच्या टप्प्यात येतील, आणि त्याबरोबर मागची देणी, खेळाडूंचे करार किती वर्षांचे करायचे आणि ओरिएल पार्कच्या दुरुस्तीला पैसा कोण देणार, हे तिन्ही प्रश्न टेम्पल यांच्या टेबलावर येतील.