देवाणघेवाणीतली घेवाण



माझी भाची प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. येत्या मे महिन्यात चार आठवडे ती नेपाळमधल्या एका शाळेत विनामोबदला शिकवायला जाणार आहे. आपल्याकडे तेव्हा सुट्टी, पण नेपाळात शाळेचे नवे वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते. त्यामुळे ती पोहोचेल तेव्हा तिथले वर्ग नुकते मार्गी लागलेले असतील. उपक्रमाचे नाव ‘शिक्षक देवाणघेवाण’. घरात सगळ्यांना कौतुक आहे, मलाही आहे. पण तिची तयारी बघताना एक गोष्ट मला खटकली.

तयारीची सगळी यादी देण्याची आहे. तक्ते, रंगीत खडू, गोष्टींची पुस्तके, मुलांना वाटायला पेन्सिली. तिथून काय आणायचे, याचा रकानाच नाही. मी कॉमर्सची पदवीधर. प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, हा आमचा पहिला धडा. एकच बाजू लिहिली तर ताळेबंद जुळत नाही.

हिशेब करून बघा. चार आठवड्यांतला पहिला मुलांची नावे आणि शाळेची रीत समजण्यात जातो, शेवटचा निरोपात. उरले दोन. तेवढ्यात वर्गावरच्या बाईंना बाजूला बसवून पाहुणीच शिकवत राहिली, तर ती परतल्यावर वर्गात काय उरेल? म्हणून मी भाचीला म्हटले, त्या बाईंच्या जागी उभी राहू नकोस, शेजारी उभी राहा. त्या दिवसांत कोणते धडे येतात ते आधी विचारून घे. पेन्सिली हव्यात की आणखी काही, तेही त्यांनाच विचार. आणि उपक्रमासाठी जे शुल्क भरतेस, त्यातले शाळेपर्यंत किती पोहोचते, हे लेखी माग. सेवेचे काम असले तरी पावती मागण्यात संकोच कसला?

शिकण्यासारखे तर पहिल्या दिवसापासून आहे. नेपाळीची लिपी आपलीच देवनागरी, त्यामुळे पाट्या वाचता येतील. पण ‘शिक्षा’ म्हणजे तिथे शिक्षण! आपल्या मुलांना ज्या शब्दाची धास्ती, तो तिथे शिक्षण मंत्रालयाच्या नावात आहे. अक्षर ओळखीचे म्हणून अर्थही ओळखीचा असेल, असे धरून चालू नये. माणसांचेही तसेच.

आपणही कधी घेणाऱ्यांच्या बाजूला होतो. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने बिहार आणि काठमांडूचे खोरे दोन्ही उद्ध्वस्त झाले. तेव्हा स्वित्झर्लंडचे इंजिनिअर पिएर सेरेझोल मोजके सहकारी घेऊन बिहारात आले आणि गावे पुन्हा उभी करण्याच्या कामाला लागले. 1920 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळच्या, युद्धाने उजाडलेल्या एका गावात त्यांनी अशा सेवाकार्याची सुरुवात केली होती. ते उपदेश करायला आले नव्हते, गावकऱ्यांबरोबर राबायला आले होते.

आता घरातला प्रश्न, जेवणाचा. आमच्याकडे कंदमूळ नाही आणि जेवण सूर्यास्ताआधी. तिथे डाळ-भात रोजचा, पण तरकारीत बटाटा असतोच. हे यजमानांना आधीच कळवावे. आपले नियम आपण पाळायचे, त्यांच्या चुलीवर त्याचे ओझे टाकायचे नाही. मेतकूट, भाजणी, खाकरा आणि बिनलसणाची कोरडी चटणी बरोबर असली की संध्याकाळी उशीर झाला तरी कुणाची धावपळ होत नाही. कागदपत्रांचेही सांगते. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. तिच्या वयाला नुसते आधार कार्ड चालत नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षकांनी खात्याची परवानगीही वेळेत काढावी.

‘आपल्याच शाळांना शिक्षक कमी, मग परदेशात कशाला?’ असे आमच्या शेजारच्या काकू विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाचीने जूनमध्ये आपल्या वर्गात द्यायचे आहे. तिथे पाहिलेली एखादी पद्धत, एखादा खेळ, एखादे गाणे इथल्या मुलांपर्यंत आले, तर ती सहल नव्हती असे मी म्हणेन.

आणि घेवाणीची दुसरी नोंद आपल्या घरात व्हायची आहे. उद्या तिथली एखादी शिक्षिका आपल्या गावच्या शाळेत चार आठवडे आली, तर तिला खोली कोण देईल? सकाळचा चहा कोण विचारेल? तिचे मराठी ऐकून न हसता तिला दुरुस्त कोण करेल? भाचीला मी सांगून ठेवले आहे की आमची माडीवरची खोली रिकामी आहे आणि हे तिथे नक्की सांग. तुमच्याही घरातून कुणी असे जाणार असेल, तर बॅग भरतानाच हे ठरवून टाका.