माळ्यावरचे बूट

दहावी आली आणि धाकट्या बहिणीचे फुटबॉलचे बूट माळ्यावर गेले. मी इंजिनिअरिंगला असताना दर रविवारी क्रिकेट खेळायचो; मला कुणी अडवलं नाही. तिच्या वेळी मीही गप्पच बसलो.

नादिया नदीमच्या वडिलांना तालिबाननं मारलं. आई पाच मुलींना घेऊन अफगाणिस्तानातून डेन्मार्कला पोहोचली. तिथं निर्वासित छावणीत असताना नादियाला फुटबॉलचा नाद लागला. पुढे ती अमेरिका, इंग्लंड, फ्रान्समध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळली. सीझन संपला की बाकीचे सुट्टीवर जात. ती डेन्मार्कला परतून डॉक्टरकीचा अभ्यास करी. २०२२ मध्ये ती डॉक्टर झाली.

'खेळ की अभ्यास?' हा सवाल आपण घरातल्या मुलींनाच का विचारतो? भावांनो, उत्तर आपणच द्यायचंय. आधी माळ्यावरचे बूट खाली काढा.