अत्तराचे इमान

अत्तराच्या धंद्यात धर्माचे नाव कसे वापरले जाते, याबद्दल आपल्या समाजात कोणी बोलत नाही. म्हणून आम्ही बोलायचे ठरवले आहे. जुम्म्याच्या नमाजला, ईदच्या सकाळी, निकाहच्या मंडपात आणि शेवटी कफनावरसुद्धा जी वस्तू आपल्याला लागते, तिच्या बाटलीत नेमके काय भरले आहे हे विचारण्याची रीत आपल्याकडे उरलेली नाही. बाटलीवर ‘अल्कोहोल-फ्री’ छापलेले असले, शेजारी एखाद्या घुमटाचे चित्र असले आणि नाव एखाद्या पवित्र स्थळाचे असले की आपले समाधान होते. आमचे म्हणणे असे की, हे समाधान फसवे आहे. त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. तो ज्याच्या त्याच्या मनगटावर असतो.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. अत्तराचा वास येतो तो अत्तर उडत असते म्हणून. कातडीच्या उबेने त्यातले कण हवेत जातात आणि नाकापर्यंत पोचतात. सगळे कण सारख्या वेगाने उडत नाहीत. हलके आधी जातात, जड मागे राहतात. म्हणून अंगावर लावलेल्या अत्तराला वय असते. कनौजचे गुलाबाचे किंवा मोगऱ्याचे पारंपरिक अत्तर घ्या. पहिल्या काही मिनिटांत फूल अंग चोरून असते. त्यात वाफेचा, ओल्या मातीचा, किंचित धुराचा वास मिसळलेला असतो. अल्कोहोल नसल्यामुळे ते फवाऱ्यासारखे एकदम उसळत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने अंगाच्या उबेने फूल उमलते. दोन-तीन तासांनी ते मावळू लागते आणि खालचे चंदन वर येते, दुधासारखे मऊ आणि अंगालगत राहणारे. हिना आणि शमामा यांची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला काढ्यासारखा उग्र वास, मसाल्यांचा आणि मुळ्यांचा. गोडी उशिरा कळते. आसामातल्या होजाईकडचा ऊद तर पहिल्या पाच मिनिटांत नवख्याला गोठ्याची आठवण करून देतो, कारण तेल काढण्याआधी लाकूड कित्येक दिवस पाण्यात भिजत ठेवण्याची तिथे चाल आहे. हाच ऊद तासाभराने शांत होतो, आणि मग त्याची किंमत का मोजतात ते ध्यानात येते.

आता बाजारात काय चालते ते पाहा. दुकानदार काचेच्या काडीने हाताच्या पाठीवर एक रेघ ओढतो. दुसऱ्या हातावर दुसरी. मग मनगटावर तिसरी. तोवर नाक दमलेले असते आणि तोळ्याचा भाव ठरलेला असतो. म्हणजे अत्तर विकत घ्यायचे दिवसभरासाठी आणि पारखायचे एका मिनिटात. या एका मिनिटात चांगला ऊद वाईट ठरतो आणि हलक्या वासाचे भडक मिश्रण उत्तम ठरते. धंद्याला हे सोयीचे आहे. घेणाऱ्याला नाही.

गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन गेले तर उत्तर ठरलेले असते: “भाईजान, ये आपकी बॉडी को सूट नहीं होता.” या उत्तराने किती तक्रारी गिळल्या असतील याची गणती नाही. कातडी माणसागणिक बदलते हे खरे. तेलकट कातडीवर वास जास्त वेळ टिकतो, कोरडीवर लवकर विरतो. घामाने, उन्हाने, अंगाच्या उबेने त्याचा वेग बदलतो. काही विशिष्ट मस्क तर काही माणसांच्या नाकाला जाणवतच नाहीत. हे सगळे मान्य. पण कातडी चाल बदलते, जात बदलत नाही. ती गुलाबाचे रॉकेल करू शकत नाही. सकाळी लावलेल्या ‘गुलाबा’चा दुपारी प्लास्टिकसारखा वास येत असेल, मनगटावर पुरळ उठत असेल, तर दोष आपल्या अंगाचा म्हणून गप्प बसायचे कारण नाही. बाटलीत काय होते, हे आधी विचारले पाहिजे.

बाटलीत काय असते? कनौजची जुनी पद्धत अशी: तांब्याच्या देगमध्ये फुले आणि पाणी घालायचे, तोंड मातीने लिंपायचे, खाली लाकडाची आच द्यायची. वाफ बांबूच्या चोंग्यातून पाण्यात बुडवून ठेवलेल्या भांड्यात उतरते. त्या भांड्यात आधीच चंदनाचे तेल असते आणि फुलाचा वास त्यात मुरतो. ताजी फुले घालून हेच दिवसेंदिवस चालते. मग चामड्याच्या कुप्पीत ठेवून उरलेले पाणी आटवतात. या अत्तराला २०१३-१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याचा आधारच महाग झाला आहे. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवले तेव्हापासून ते सरकारी अखत्यारीत गेले, चोरटी तोड मात्र थांबली नाही, आणि १९९८ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने भारतीय चंदनाला ‘असुरक्षित’ यादीत टाकले. एक किलो गुलाबतेलाला साधारण ३ ते ५ हजार किलो फुले लागतात. हा हिशेब समोर ठेवला की पन्नास-शंभर रुपयांच्या बाटलीत ना ते चंदन असू शकते, ना तो गुलाब. तिथे असते लिक्विड पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेटसारखे जवळजवळ बिनवासाचे, स्वस्त द्रव्य आणि त्यात कारखान्यातला सुगंध.

ज्या भांड्यात अत्तर उतरते, त्याला कनौजमध्ये ‘भपका’ म्हणतात. मराठीत भपका म्हणजे नाकात घुसणारा दर्प आणि पोकळ दिमाख. आपल्या मोहल्ल्यांतल्या बाजारातून कनौजचा भपका गेला आणि मराठीतला भपका राहिला, असे म्हणायची वेळ आली आहे.

“आमचे अत्तर सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखे राहते,” अशी जाहिरात केली जाते आणि ती ऐकून लोक जास्त पैसे देतात. खरे तर या वाक्यानेच सावध व्हायला हवे. नुसते चंदनाचे तेल बराच वेळ एकसारखे राहते, कारण ते मुळातच जड आहे. पण मोगरा, गुलाब, केवडा यांनी बदललेच पाहिजे. जे फूल रात्री दहा वाजता सकाळी दहासारखेच ओरडते, ते झाडावर उमललेले नाही. कस्तुरीचेही तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाची शिकार आणि कस्तुरीचा व्यापार यांना बंदी आहे. तेव्हा दुकानात कोणी ‘असली मुश्क’ म्हणून बाटली पुढे करत असेल, तर तो एक तर खोटे बोलतो आहे, नाही तर गुन्हा करतो आहे. पहिलीच शक्यता जास्त. कृत्रिम मस्क १८८८ साली आल्बर्ट बाउर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला स्फोटकांवर काम करताना गवसला, आणि तेव्हापासून त्याचे अनेक भाऊबंद निघाले.

आता ‘अल्कोहोल-फ्री’बद्दल. अल्कोहोलयुक्त सुगंध वापरावा की नाही, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात पडण्याचा आमचा अधिकार नाही. ज्याला तो टाळायचा आहे त्याने जरूर टाळावा. पण या शब्दाचा अर्थ एवढाच की बाटलीत इथेनॉल नाही. काय नाही ते सांगितले. काय आहे ते कुठे सांगितले? दुधात दारू नाही असे लिहिल्याने दुधातले पाणी कमी होत नाही. गंमत अशी की रसायनशास्त्राच्या परिभाषेत चंदनाचा वास ज्यामुळे येतो ते सँटॅलॉल हे एक अल्कोहोलच आहे. गुलाबातले जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉलही तसेच. त्यांनी नशा चढत नाही आणि त्यांच्यावर कोणाचा आक्षेपही नाही. म्हणजे हा शब्द छापणारा ना शास्त्र सांगतो, ना शरियत. तो फक्त आपली भीती ओळखतो आणि तिचा भाव वसूल करतो.

आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल, तो आधीच नोंदवतो. ‘हातगाडी ओढणाऱ्याने, बिगारी कामगाराने ईदला अत्तर लावायचे नाही काय? चंदनाचे अत्तर त्याला परवडणार आहे काय?’ परवडणार नाही. त्याने अत्तराचे दिवे लावावेत, असे आम्ही म्हणतच नाही. कारखान्यातला सुगंध ही काही पापाची वस्तू नव्हे. जगातले नामांकित सुगंध बहुतांशी कृत्रिम द्रव्यांवर उभे आहेत आणि कुशल कारागीर त्यातूनही कातडीवर सुरेख उलगडणारी वस्तू घडवतो. आमचा झगडा कृत्रिमतेशी नाही, खोट्या नावाशी आहे. पन्नास रुपयांच्या तेलाला पन्नास रुपयांचे तेल म्हणा. गरीब माणूस ते खुशीने घेईल आणि त्याची ईद तितकीच सुगंधी होईल. पण त्याच तेलावर मदिन्याचे नाव घालून त्याचे पाचशे रुपये केले जातात, तेव्हा लुबाडला जातो तो गरीबच. श्रीमंताला दुबईहून आणता येते. गरिबाकडे श्रद्धा असते आणि तिच्याच बळावर त्याचा खिसा कापला जातो.

हे अज्ञान आपल्या परंपरेचे नव्हे. नवव्या शतकात अल-किंदीसारख्या तत्त्वज्ञाने सुगंधद्रव्ये आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात महागड्या द्रव्यांची नक्कल कशी करतात त्याच्याही कृती नोंदवल्या. आपल्या दख्खनमध्ये, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या दरबारात, ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधविद्येवरचा ग्रंथ सिद्ध झाला. असली काय आणि नकली काय, यावर विचार करणारी माणसे आपल्यात होती. आज त्या विद्येच्या जागी बाटलीवरचा कागद आला आहे.

आणि आपल्या दीनचे याबाबतीत काय म्हणणे आहे? मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. धान्याच्या ढिगाऱ्याची हदीसही आपण वाझमध्ये अनेकदा ऐकली आहे. पैगंबरसाहेबांनी बाजारात एका ढिगाऱ्यात हात घातला. वर कोरडे धान्य होते, आत ओले लागले. ओले धान्य वर का ठेवले नाही, हा त्यांचा सवाल होता. अत्तराच्या दुकानात तोच सवाल लागू पडतो. पहिल्या मिनिटाचा वास हे वरचे कोरडे धान्य आहे. तीन तासांनी मनगटावर जे उरते, ते आतले. ढिगाऱ्यात हात घालणे ही जर सुन्नत असेल, तर अत्तरवाल्याला ‘उद्या सांगतो’ म्हणण्यात संकोच कसला?

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. एका वेळी एकच अत्तर लावून पाहा. जोहरच्या वुजूनंतर मनगटावर लावा, म्हणजे ते लगेच धुतले जाणार नाही. असरच्या वुजूपर्यंत ते आपली बरीचशी हकीकत सांगून टाकते. दर तासाला एकदा हुंगा. सतत हुंगत राहिलात तर नाक बधिर होते आणि वास गेला असे समजून माणूस पुन्हा लावतो. एक थेंब सदऱ्याच्या आतल्या बाजूला लावा. कापडाला ऊब नाही, त्यामुळे तिथे तीच गोष्ट सावकाश घडते. या परीक्षेने शुद्धतेचा दाखला मिळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. पण ढोबळ फसवणूक यातून निसटत नाही. मग दुकानात परत जा आणि तीन प्रश्न विचारा. आधाराला तेल कोणते आहे? सुगंध फुलाचा की कारखान्याचा? हे दोन्ही बिलावर लिहून द्याल काय?

जो दुकानदार लिहून देईल, त्याच्याकडूनच घ्या, मग त्याची वस्तू कृत्रिम का असेना. असे प्रामाणिक दुकानदार आहेत आणि खोट्या नावांच्या गर्दीत तेच मागे पडत आहेत. जो लिहून देणार नाही, उलट बाटलीवरच्या घुमटाकडे बोट दाखवेल, त्याची बाटली त्याच्या काउंटरवर ठेवून बाहेर पडा.