दुकानाची पावती व आपली भीड

मृग नक्षत्र लागलें कीं तालुक्याच्या बाजारांतील कृषि सेवा केंद्रांत पाय ठेवावयास जागा राहत नाहीं. बियाणें, खत, औषध, फवारणी पंपाचा नोझल, पाइपाचा जोड, फावडें, दोर अशा शंभर जिनसा तेथें एका छपराखालीं मिळतात. जवळ असें दुकान असणें ही मोठीच सोय होय. ऐन हंगामांत पाइपाचा एक जोड फुटला तर शहराची वाट धरण्यांत जाणारा दिवस त्यामुळें वाचतो. तेव्हां या दुकानांविरुद्ध आम्हांस कांहींएक लिहावयाचें नाहीं. त्यांच्या ओट्यावर बसून आपण जी भीड धरतों, तिच्याविषयीं लिहावयाचें आहे.

हजारों रुपयांचा माल गाडींत भरून परतणाऱ्या शेतकऱ्यापाशीं पुष्कळदां एक कच्ची चिठ्ठी असते, आणि उधारी असेल तर तीहि नसते. सर्व हिशेब दुकानदाराच्या वहींत. पूर्वीं हें चालून जाई. नांगराचा फाळ गांवच्या लोहाराच्या भात्यापुढें आपल्या डोळ्यांदेखत तापे. काम कच्चें निघालें तर तोच लोहार तें दुरुस्त करून देई, कारण त्याचें बलुतें आपल्याच खळ्यावर असे. बियाणें घरच्या कणगींतलें. आतां माल बंद पिशवींत येतो व तो तयार करणारा शेंकडों कोस दूर असतो. पिशवीवरील लॉट क्रमांक आणि दुकानाची पावती, एवढाच काय तो त्याचा आपला संबंध.

कायद्यानें ही गोष्ट ओळखली आहे. कीटकनाशक नियम १९७१, बियाणें नियंत्रण आदेश १९८३ व खत नियंत्रण आदेश १९८५ या तिहींनीं विक्रेत्यावर पावती देण्याचें बंधन घातलें आहे, आणि ती रोखीची असो वा उधारीची. खत व बियाणें यांचा शिल्लक साठा व दर दुकानांत लावणेंहि त्याजवर बंधनकारक आहे. तेव्हां ‘माल उधार नेतों, मग पावती कोणत्या तोंडानें मागावी?’ ही समजूत निराधार होय. शेतकरी हा ग्राहक असून सदोष बियाण्याबद्दल ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागूं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यांत स्पष्ट केलें. परंतु माल त्याच दुकानचा, त्याच लॉटचा, हें दाखविणारा कागदच नसेल तर हातचा हक्क सिद्ध करावा तरी कसा?

पावती न मिळण्याचें खरें मूळ उधारींत आहे. समजा, रोखीनें १,००० रुपयांस मिळणारा माल पांच महिन्यांच्या उधारीवर १,१०० रुपयांस पडला. हें व्याज वर्षास २४ टक्के झालें! केंद्राच्या व्याज सवलत योजनेंतील पीककर्ज वेळेवर फेडणारास ४ टक्क्यांनीं पडतें. शिवाय उधार घेणारास पसंती नसते. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली माथीं मारली तरी तो मुकाट्यानें नेतो.

दुकानदाराचीहि बाजू आहे. अवर्षणाच्या सालीं त्याची बाकी बुडते, आणि त्यालाहि घाऊक व्यापाऱ्याचे पैसे भागवावे लागतात. हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यानें व्याज घ्यावयाचें तर तें उघड लिहून घ्यावें. मालाच्या भावांत दडवूं नये. सचोटीच्या दुकानदारास पावतीचें भय नाहीं, उलट बनावट माल विकणाऱ्या शेजाऱ्यापासून तीच त्याचें रक्षण करते.

आमचे बहुतेक वाचक जमीनजुमला बाळगून असलेले आहेत. दुकानांत त्यांस खुर्ची मिळते, चहा मिळतो, आणि त्या मानापोटींच पावती मागण्याचा संकोच वाटतो. भीड भिकेची बहीण म्हणतात तें खोटें नाहीं. ज्याची पत आहे तोच मागत नसेल, तर दोन एकरांच्या धन्यानें कोणाच्या बळावर मागावी?

म्हणून येत्या खरेदीपासून प्रत्येकानें पक्की पावती घ्यावी. तींत कंपनीचें नांव, वाण, लॉट क्रमांक, वजन व दर यांची नोंद असावी. पाइप असेल तर व्यास व दाबहि लिहून घ्यावा. रिकामी पिशवी, तिची खूणचिठ्ठी व मूठभर बियाणें पीक निघेपर्यंत जपावें. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून पाहावे; ७० पेक्षां कमी उगवले तर पेरणी थांबवून कृषि कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. आणि चार शेजाऱ्यांनीं मिळून वैशाखांतच रोखीनें खरेदी केली, तर गर्दी, उधारी व नको असलेली बाटली या तिन्ही गोष्टी टळतील. पावती मागणें हा अविश्वास नव्हे. तो चोख व्यवहार आहे.