हक्काचे आभार कशाला?

मंगलसुत्तातील ३८ मंगलांत ‘कतञ्ञुता’, म्हणजे कृतज्ञता आहे. लग्नकार्यात आपण ते ऐकतो, पण अर्थाकडे लक्ष जात नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एमन्स व मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार वाटावेत अशा गोष्टी लिहायला सांगितल्या. रोजच्या कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्या शारीरिक तक्रारी कमी निघाल्या. स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांनी तर रोज लिहिले, त्यांना झोप चांगली लागली. (म्हणून औषध सोडू नका!) पण मालकाने हक्काचा पगार दिला, याचे उपकार आम्ही मानणार नाही. पहाटे उठून डबा करणाऱ्या घरच्या बाईचे, नळावर आपला हंडा भरून ठेवणाऱ्या शेजारणीचे नाव मात्र आज रात्री वहीत लिहू, आणि उद्या त्यांना तसे सांगूही.